आठ-आठ हरकतींचे दोन दिवस : कॅलिफोर्नियातील दिवाणी ज्यूरी सेवेविषयी अभिप्राय

ज्या सेवेचे बोलावणे धुडकावले तर पहिल्याच खेपेला २५० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, तिच्याविषयी अभिप्राय लिहायचा म्हणजे आपण तिचे गिऱ्हाईक आहोत, नोकर आहोत की कच्चा माल आहोत, हे आधी ठरवावे लागते. २०२५ च्या ऑक्टोबरात मला कॅलिफोर्नियातील एका काउंटीच्या सुपीरियर कोर्टातून ज्यूरी म्हणून हजर राहण्याचे पत्र आले. मी दोन दिवस तेथे बसले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझे आभार मानून मला घरी पाठवण्यात आले. काउंटीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या एका इमारतीपुरत्या नाहीत. हा अभिप्राय खटल्याविषयी नाही. खटला मी पाहिलाच नाही. तो सुरू होण्यापूर्वी त्याचे श्रोते कसे ठरवले जातात, कोणाला कोणत्या कारणाने आणि कोणाला कारणावाचून उठवले जाते, एवढाच भाग मी अनुभवला, आणि माझ्या मते या सेवेचा तोच सर्वांत बघण्याजोगा भाग आहे.

पत्राविषयी थोडे. नावे मतदारयादीतून, वाहन परवान्यांच्या नोंदींतून आणि २०२२ पासून राज्याचा आयकर भरणाऱ्यांच्या यादीतूनही घेतली जातात. त्यामुळे ग्रीन कार्डवर असलेल्या किंवा कामाच्या व्हिसावर आलेल्या माणसालाही हे पत्र येऊ शकते. त्याने ते फेकून न देता, आपण नागरिक नाही असे कळवून परत पाठवायचे असते. नागरिकत्व, अठरा वर्षे पूर्ण, त्या काउंटीत वास्तव्य आणि इंग्रजीचे पुरेसे ज्ञान या मुख्य अटी आहेत. ठरावीक पोलीस अधिकारी सोडले तर व्यवसायामुळे कोणालाही आपोआप सूट नाही. डॉक्टर, वकील, इतकेच काय न्यायाधीशही रांगेत उभे राहतात. पहिल्या दिवसाचे मानधन नाही, दुसऱ्या दिवसापासून रोज १५ डॉलर. नोकरीवरून काढण्याची धमकी मालकाने द्यायची नाही असा कायदा आहे, पण पगार द्यायलाच हवा असा मात्र नाही. एक दिवस किंवा एक खटला अशी पद्धत असल्याने, त्या दिवशी कोणत्याही न्यायदालनात पाठवले गेले नाही तर कर्तव्य संपते.

प्रतीक्षागृहाला मी फार गुण देणार नाही. खुर्च्या बऱ्या होत्या, वायफाय चालत होते, पण पावणेआठला बोलावून पावणेअकरापर्यंत कोणी काही सांगितले नाही. माहितीपट नागरिकाच्या कर्तव्याविषयी भरभरून बोलतो. आपल्याला कोणते प्रश्न विचारले जातील, ते का विचारले जातात, आणि एखाद्या उत्तराबद्दल आपल्याला घरी पाठवले तर तो आपला अपमान नसतो, याविषयी त्यात अवाक्षर नाही. ही उणीव पुढे दिवसभर जाणवत राहिली.

पंचेचाळीस जणांची आमची तुकडी वर न्यायदालनात गेली. तेथे पहिली शपथ झाली, आणि ती निकालाची शपथ नव्हे, हे बहुतेकांच्या लक्षात आले नाही. आपल्या पात्रतेविषयी विचारलेल्या सर्व प्रश्नांची खरी उत्तरे देऊ आणि खोटे बोललो तर गुन्हा ठरू शकेल, हे मान्य करणारी ती शपथ होती. या प्रश्नोत्तरांना येथे ‘व्हॉर डीर’ म्हणतात. जुन्या कायदेशीर फ्रेंचमधून आलेल्या या शब्दांचा अर्थ खरे बोलणे असा आहे. खरे कोणी बोलायचे, याची शपथ मात्र फक्त आम्हाला दिली गेली, हे मी गमतीने नोंदवून ठेवते.

न्यायाधीशांनी प्रथम खटला किती दिवस चालेल ते सांगितले, कामकाजाचे आठ दिवस, आणि ज्यांना खरोखर झेपणार नाही त्यांना पुढे बोलावले. एकट्याने लहान मूल सांभाळणारी आई, शस्त्रक्रियेची तारीख हातात असलेला गृहस्थ, रोजंदारीवरचा रंगारी असे सात-आठ जण सुटले. येथे एक बोचरी गोष्ट आहे. पंधरा डॉलरवर आठ दिवस काढणे ज्याला परवडत नाही, तो वकिलांच्या प्रश्नांपर्यंत पोहोचतच नाही. पुढे हरकतींच्या, म्हणजे वकिलांनी एखाद्या ज्यूररला (ज्यूरीतील माणसाला) नाकारण्याच्या, न्यायान्यायाविषयी जी चर्चा होते, तिच्या आधीच मंडळाचा चेहरा अर्धा बदललेला असतो, आणि हा बदल कोणाच्या हरकतींत मोजला जात नाही.

त्यानंतर लिपिकेने अठरा नावे पुकारली. बारा जण ज्यूरीच्या कठड्यात आणि सहा जण कठड्यासमोरच्या खुर्च्यांवर. वकील मंडळी या रचनेला ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. मी पंधरावी, म्हणजे बाहेरच्या सहांतली तिसरी. कठड्यातील कोणी उठला की तेरावा त्याच्या खुर्चीत जातो, मग चौदावा, मग मी. बाहेरचे सहा संपत आले की मागच्या बाकांवरून नवी नावे. उरलेल्यांनी ऐकत बसायचे आणि प्रश्न लक्षात ठेवायचे, कारण पुढे तेच त्यांना विचारले जाणार असतात.

खटला साधा होता. चौकात सरळ जाणाऱ्या गाडीला डावीकडे वळणाऱ्या सामान पोहोचवणाऱ्या व्हॅनने धडक दिली. गाडीतील महिलेच्या मानेला आणि पाठीला इजा झाली. तिने चालकावर आणि त्याच्या कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. धडक झाली हे दोन्ही बाजूंना मान्य होते. दिवा पिवळा झाल्यानंतर वादीची गाडी चौकात शिरली का, तिचा स्वतःचा दोष किती, आणि दुखण्याचे मोल किती, यावर वाद होता. वकिलांनी प्रश्न सुरू करण्याआधी दोन-दोन मिनिटांत आपापली बाजू सांगितली. पक्षकाराने मागणी केली तर असे छोटे निवेदन करू द्यावे अशी येथील दिवाणी कायद्यात सोय आहे, आणि ती फार उपयोगी आहे. आपल्याला काय विचारतात याचा संदर्भ कळला की उत्तर प्रामाणिक येते.

न्यायाधीशांचे प्रश्न ठरलेले होते, फलकावर लिहिलेले होते. राहता तो भाग, काम, घरातल्या इतरांचे काम, पूर्वी ज्यूरीवर होता का, होता तर निकाल लागला का. काय लागला ते सांगू नका. अठरा जणांनी उभे राहून अठरा वेळा तीच उत्तरे दिली. तास गेला. ही माहिती लेखी प्रश्नावलीत आदल्या दिवशी घेता आली असती, आणि अनेक न्यायालये गुंतागुंतीच्या खटल्यांत तसे करतातही.

मग वादीच्या वकील उठल्या, आणि येथून या सेवेचा दर्जा एकदम बदलला. त्यांनी पहिलाच प्रश्न असा टाकला की, या देशात लोक ऊठसूट खटले भरतात असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावा, तसे वाटण्यात काही गैर नाही. तीन हात वर गेले. त्यांनी तिघांचेही आभार मानले आणि आणखी कोणाला वाटते ते विचारले. नऊ हात झाले. दवाखान्याचे बिल भरून देणे समजू शकते, पण दुखण्याचे वेगळे पैसे द्यायला मन तयार होणार नाही असे कोणी आहे का, हा त्यांचा दुसरा प्रश्न. सहाव्या खुर्चीतील एक निवृत्त प्लंबर म्हणाले की त्यांची पाठ तीस वर्षे दुखते आहे आणि त्याचे पैसे त्यांना कोणी दिलेले नाहीत. दालनात हशा पिकला. वकील हसल्या नाहीत. तुमच्यासारखे वाटणारे आणखी कोण, असे त्यांनी विचारले. एका माणसाने मनातले बोलून दाखवले की दुसऱ्याची जीभ सुटते, हे मी डोळ्यांनी पाहिले. वकिलाने वाद घालायचा नाही, उपदेश करायचा नाही, फक्त दार उघडे धरायचे, ही कला त्यांना साधली होती.

एकदा मात्र त्यांनाही थांबवण्यात आले. पुरावा अमुक असा आला तर एवढी रक्कम द्यायला तुम्ही कचराल का, असे त्यांनी विचारताच समोरून हरकत आली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली. ज्यूरीला आधीच एखाद्या निकालाकडे वळवणे, तिला पढवणे किंवा कायद्यावर तिची परीक्षा घेणे हाच ज्या प्रश्नाचा मुख्य हेतू असेल, तो प्रश्न येथे अयोग्य ठरतो. कल जाणून घेणे आणि कल घडवणे यांतील रेघ प्रत्यक्षात किती पुसट असते, ते त्या अर्ध्या मिनिटात कळले.

प्रतिवादीच्या वकिलांचा ढंग नेमका उलटा होता. सहानुभूती बाजूला ठेवून तुम्ही सर्व निःपक्षपातीपणे निर्णय द्याल ना? अठरा नंदीबैलांनी माना डोलावल्या. कंपनी आहे म्हणून तिला वेगळा न्याय लावणार नाही ना? पुन्हा माना. अशा प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आपण पक्षपाती आहोत असे पंचेचाळीस अनोळखी माणसांसमोर उभे राहून कोण सांगेल? या पद्धतीने वेळ वाचतो एवढाच तिचा गुण.

आता हरकतींकडे येते, कारण वाचकांपैकी ज्यांना हे पत्र आले आहे त्यांना तेच समजून हवे असेल. हरकतींचे दोन प्रकार मुख्य. पहिली सकारण हरकत. वकिलाने न्यायाधीशांना कारण पटवून द्यायचे आणि न्यायाधीशांनी ठरवायचे. अशा हरकती कितीही घेता येतात. काही नाती तर कायद्यानेच पक्षपाताची मानली आहेत : पक्षकाराशी किंवा साक्षीदाराशी चौथ्या अंशापर्यंतचे (म्हणजे चुलत-मामे भावंडांपर्यंतचे) रक्ताचे वा लग्नाचे नाते, मालक-नोकर, घरमालक-भाडेकरू, धनको-ऋणको. कोणत्या तरी बँकेत आपले बचत खाते आहे एवढ्यावरून आपण त्या बँकेचे धनको ठरत नाही, असा खुलासाही कायद्याने करून ठेवला आहे. तो नसता तर बँकेच्या खटल्याला ज्यूरी मिळणे कठीण झाले असते. या ठरीव नात्यांपलीकडे प्रत्यक्ष पक्षपात असतो, म्हणजे पूर्ण निःपक्षपातीपणे वागू न देणारी मनःस्थिती. ती सिद्ध करायची तर माणसाच्या तोंडूनच ती वदवून घ्यावी लागते.

आणि येथेच मला या सेवेतील सर्वांत मोठा दोष दिसला. प्लंबर गृहस्थांना न्यायाधीशांनी विचारले की कायदा दुखण्याची भरपाई द्या असे सांगत असेल, तर तुम्ही तो पाळाल का? ते म्हणाले, पाळीन, पण हात आखडता राहील. त्यांना सोडण्यात आले, आणि ते योग्य झाले. त्यांच्या शेजारच्या बाईंची गोष्ट वेगळी. त्यांच्या भाचीला अशाच एका व्हॅनने उडवले होते, आणि ते सांगताना त्यांचा आवाज कापत होता. निःपक्षपाती राहता येईल का, या प्रश्नाला त्या प्रयत्न करीन म्हणाल्या. प्रयत्न नको, हो की नाही सांगा. बहुतेक हो. बहुतेक नको. शेवटी त्या हो म्हणाल्या, आणि प्रतिवादीची सकारण हरकत फेटाळली गेली. येथे या प्रकाराला पुनर्वसन असे गोंडस नाव आहे. माझ्या मते ते पुनर्वसन नव्हे. थकलेल्या माणसाने सुटकेसाठी दिलेले उत्तर होते ते. पहिले उत्तरच खरे होते, आणि खरे बोलण्याचीच तर शपथ होती.

फेटाळलेल्या हरकतीची किंमत कोणी तरी भरतेच. दुसऱ्या प्रकारची हरकत, जिला पेरेम्प्टरी चॅलेंज म्हणतात, ती कारण न देता घेता येते, पण मोजून मिळते. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी खटल्यात प्रत्येक पक्षाला अशा सहा हरकती असतात. दोनहून अधिक पक्षकार असले की त्यांच्या बाजू पाडून प्रत्येक बाजूला आठ. आमच्याकडे चालक आणि कंपनी असे दोन प्रतिवादी असल्याने आठ-आठ. त्या बाईंना हलवण्यासाठी प्रतिवादीला आठांतील एक खर्च करावी लागली. न्यायाधीशांनी हो म्हणवून घेतलेल्या प्रत्येक डळमळीत ज्यूररमागे एका बाजूची शिल्लक अशी कमी होत जाते. सकारण हरकतींत न्यायाधीश जितके कंजूष, तितकी बिनकारण हरकतींची झोळी लवकर रिकामी, हे गणित अठरा खुर्च्यांवर बसलेल्यांना कोणी सांगत नाही.

बिनकारण हरकतींची फेरी बघण्यासारखी असते. सुरुवात वादीने करायची, मग आळीपाळीने. प्रत्येक वेळी वकील उठून अमुक क्रमांकाच्या ज्यूररचे आभार मानतात आणि त्यांना मोकळे करण्याची विनंती करतात. आवाजात इतका गोडवा असतो की पहिल्या दोघांना आपल्याला काढले हे कळायलाच वेळ लागला. पास म्हणण्याचीही मुभा आहे, आणि पास म्हटल्याने उरलेल्या हरकती कमी होत नाहीत. दोन्ही बाजू लागोपाठ पास म्हणाल्या की ज्यूरी पक्की. म्हणून पास ही एक खेळीच होते : आहे त्या बारा जणांवर आपण खूश आहोत असे भासवायचे, समोरच्यानेही पास म्हटले तर ठीक, नाही तर त्याची एक हरकत गेली आणि नवा माणूस खुर्चीत आला की आपण पुन्हा डावात. आमच्याकडे वादीच्या वकिलांनी चार हरकतींनंतर पास म्हटले, प्रतिवादीने लगेच एक वापरली, आणि खेळ पुन्हा सुरू झाला. राखीव ज्यूररसाठी याशिवाय वेगळ्या हरकती मिळतात.

ही निवड आहे असे आपण म्हणतो, पण कोणीही कोणाला निवडत नव्हते. दोन्ही बाजू आपल्याला नको असलेली टोके छाटत होत्या, आणि मध्ये जे उरले ती ज्यूरी. सतत खिडकीबाहेर बघणारा एक तरुण शेवटपर्यंत राहिला, कारण त्याच्याविषयी कोणालाच काही कळले नव्हते.

फेरीच्या मध्यावर प्रतिवादीच्या वकिलांनी लागोपाठ दोन लॅटिनो महिलांना मोकळे केले. वादीच्या वकील लगेच उठल्या आणि न्यायाधीशांनी दोन्ही वकिलांना बाजूला बोलावले. सगळे आत गेले, त्यांचे बोलणे कानावर पडू नये म्हणून आम्हाला एकसारखी खरखर (व्हाइट नॉइज) ऐकवली गेली, दहा मिनिटांनी सगळे परत आले आणि फेरी पुढे चालू झाली. काय झाले ते सांगितले गेले नाही, आणि त्या महिला बाहेर निघून गेल्या. येथे बॅटसन-व्हीलर हरकत घेतली गेली असावी असा माझा तर्क आहे. कारण न देण्याचा अधिकार वंशाच्या आधारे वापरता येत नाही, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये व्हीलर खटल्यात आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बॅटसन खटल्यात ठरवले. हे दोन्ही फौजदारी होते. दिवाणी खटल्यात बहुधा सरकार पक्षकार नसते, दोन खासगी माणसे भांडत असतात, मग तेथे घटनेचे बंधन लागू कसे, हा प्रश्न १९९१ मध्ये एडमन्सन विरुद्ध लीझव्हिल काँक्रीट कंपनी या खटल्यात आला. लुईझियानातील फोर्ट पोल्क येथे जखमी झालेल्या एका कृष्णवर्णीय बांधकाम कामगाराचा तो दावा होता. कंपनीने आपल्या तीन बिनकारण हरकतींपैकी दोन कृष्णवर्णीय ज्यूररना काढण्यासाठी वापरल्या होत्या. अकरा श्वेतवर्णीय आणि एक कृष्णवर्णीय अशा ज्यूरीने नुकसान ९०,००० डॉलर ठरवले, त्यातील ८० टक्के दोष कामगाराच्याच माथी मारला, आणि त्याच्या हाती १८,००० डॉलरचा निवाडा आला. न्यायालयाच्या इमारतीत, न्यायाधीशांच्या अधिकाराच्या बळावर माणूस उठवला जातो, तेव्हा ते केवळ खासगी कृत्य राहत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी म्हटले. १९९४ मध्ये पितृत्व आणि मुलाच्या पोटगीच्या एका दिवाणी खटल्यात हाच नियम स्त्री-पुरुष भेदालाही लावला गेला.

तरी हा नियम व्यवहारात फार मऊ निघाला. वकिलाने वंशाशी संबंध नसलेले कोणतेही पटण्याजोगे कारण सांगितले आणि न्यायाधीशांना ते प्रामाणिक वाटले की हरकत टिकते. ती बाई माझ्याकडे बघत नव्हती, एवढेही पुरते. म्हणून कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये नवा कायदा केला. भेदभावाचा हेतू सिद्ध करण्याची गरज त्याने काढून टाकली, आणि काही कारणे मुळातच अग्राह्य मानली. ती टिकवायची तर वकिलाला भरभक्कम खुलासा द्यावा लागतो. त्या यादीत इंग्रजी मातृभाषा नसणे आणि दुसरी भाषा येणे ही दोन्ही कारणे आहेत. मराठी उच्चारांचे इंग्रजी बोलत पंचेचाळीस जणांसमोर उभे राहताना माझ्या पोटात जो गोळा आला होता, त्याची कायद्याने दखल घेतलेली पाहून बरे वाटले. हा कायदा फौजदारी खटल्यांना २०२२ पासून लागू झाला, आणि दिवाणी खटल्यांना तो १ जानेवारी २०२६ पासून लागू करण्याची तरतूद त्यात होती. माझा ऑक्टोबर त्या रेषेच्या अलीकडे पडला. अॅरिझोनाने तर २०२२ च्या आरंभापासून दिवाणी आणि फौजदारी दोन्हींतून बिनकारण हरकत काढूनच टाकली. इंग्लंडने ती १९८८ च्या कायद्याने रद्द केली.

मी स्वतः ती रद्द व्हावी या मताची नाही, आणि याचे कारण त्या भाचीच्या मावशीत आहे. सकारण हरकती उदार हाताने मान्य होणार असतील, प्रश्न मोकळे विचारू देणार असतील, तर बिनकारण हरकतीची गरज आपोआप कमी होईल. तसे नसताना तीच काढून घेतली, तर हो म्हणायला भाग पाडलेली माणसे थेट निकालाच्या खोलीत पोहोचतील. फेडरल न्यायालयातील दिवाणी खटल्यात प्रत्येक बाजूला तीनच बिनकारण हरकती असतात आणि पुष्कळदा प्रश्नही न्यायाधीशच विचारतात. तेथे ज्यूरी सहा ते बारा जणांची असते आणि उभयपक्षी वेगळे ठरले नसेल तर निकाल एकमताने लागतो. तेथे गेलेल्या एका सहकाऱ्याची निवड दीड तासात आटोपली. वेगाला गुण द्यायचे असतील तर ती सेवा सरस. मी देणार नाही.

ज्यूरी म्हटले की मराठी वाचकाला नानावटी खटला आठवतो, पण तो फौजदारी होता. दिवाणी बाजूचे दूरचे भावंड मात्र मुंबईत अजून आहे : पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा, १९३६ खालील न्यायालयात न्यायाधीशांना पाच पारशी प्रतिनिधी साहाय्य करतात, आणि पक्षकारांना ठरावीक प्रतिनिधींना कारण न सांगता नाकारण्याची मुभा असते. हरकतीची ही रीत आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

आता माझी पाळी. सकारण हरकतींत दोघे उठले आणि तेरावा-चौदावा आत गेले. वादीने पहिल्याच हरकतीत विमा कंपनीत दावे तपासण्याचे काम केलेल्या गृहस्थांना मोकळे केले आणि मी त्यांच्या खुर्चीत, पाचव्या क्रमांकावर गेले. मी वाहतूक अभियंता आहे, चौकांतील सिग्नलच्या वेळा ठरवण्याचे काम करते, हे मी न्यायाधीशांच्या प्रश्नांच्या वेळीच सांगितले होते. वादीच्या वकिलांनी तेव्हा मला जे विचारले तो त्या दोन दिवसांतील सर्वांत चांगला प्रश्न होता : तज्ज्ञ साक्षीदाराने पिवळ्या दिव्याविषयी सांगितलेला आकडा तुम्हाला चुकीचा वाटला, तर निकालाच्या खोलीत तुम्ही काय कराल? निकाल फक्त समोर आलेल्या पुराव्यावर द्यायचा असतो. आत बसून मी बाकीच्यांना गणित शिकवू लागले तर माझी उलटतपासणी कोणी करणार नाही, हे मला समजत होते. मी म्हटले की मी गप्प बसण्याचा निश्चय करीन, पण डोक्यातला हिशेब थांबेल असे वचन देऊ शकत नाही. न्यायाधीशांनी सूचना पाळाल का विचारले, मी हो म्हटले, आणि ते हो खरे होते. सकारण हरकत कोणी घेतलीच नाही.

एक गोष्ट मागाहून उमगली. कॅलिफोर्नियात दिवाणी निकालाला बारांपैकी नऊ मते पुरतात. एकटा हटवादी माणूस येथे कोणाचे काही बिघडवू शकत नाही. धोका असतो तो आणखी तिघांना आपल्याकडे ओढू शकणाऱ्याचा. कोणाचे मत काय यापेक्षा कोणाचे ऐकले जाईल, यावर वकिलांचे लक्ष अधिक असते. मराठी उच्चाराची, फार न बोलणारी मी एरवी कोणाच्या डोळ्यांत भरले नसते. पिवळ्या दिव्याच्या खटल्यात मात्र मी त्या खोलीतील चार मते होते. प्रश्नोत्तरे चालू असताना वकिलांच्या टेबलावर एक साहाय्यक सतत लॅपटॉपवर काही शोधत होता, हेही सांगून ठेवते. ज्यूररची सार्वजनिक असलेली माहिती वकिलांनी पाहायला हरकत नाही, मात्र त्याच्याशी संपर्क करायचा नाही, असे अमेरिकन बार असोसिएशनचे २०१४ चे मत आहे. पत्र आले की आपण काय काय लिहून ठेवले आहे ते एकदा चाळून घ्यावे.

वादीची सहावी हरकत माझ्यावर पडली. ज्या वकिलांचे प्रश्न मला आवडले होते, त्यांनीच माझे आभार मानले. कारण विचारायची सोय नाही, आणि खरे तर त्याची गरजही नव्हती.

गुण द्यायचे तर प्रतीक्षागृहाला पाचांपैकी दोन, वेळेच्या वापराला दोन, वकिलांना मोकळे प्रश्न विचारू देण्याला पूर्ण पाच, आणि हो म्हणवून घेण्याच्या पद्धतीला एक. ज्यांना बोलावणे येईल त्यांना एवढेच सांगते की, खासगी प्रश्नाचे उत्तर सर्वांसमोर द्यायचे नसेल तर न्यायाधीशांशी एकांतात बोलण्याची विनंती करता येते. ही गोष्ट आमच्यापैकी एकीलाच माहीत होती. आणि प्रयत्न करीन हेच खरे उत्तर असेल, तर तिसऱ्यांदा विचारल्यावरही तेच द्यावे.

खाली लिपिकेने हजेरीचे प्रमाणपत्र शिक्का मारून दिले. बाहेर पडले तेव्हा न्यायालयासमोरच्या चौकात रहदारी तुंबलेली होती. रस्ता ओलांडायला उभी राहिले आणि दिवा पिवळा होताच मी नकळत सेकंद मोजू लागले. वादीच्या वकिलांची सहावी हरकत वाया गेली नव्हती.